मासोळ्या मोडीत देण्याआधी

लग्नसराईत हल्ली पैठणीच्या खांद्यावर मोराची नाहीतर नथीच्या घाटाची साडीपिन, नवरदेवाच्या बंदगळ्यावर हत्ती किंवा सिंहाचा ब्रोच, करवलीच्या ओढणीला फुलपाखरू हमखास दिसतं. ऑनलाइन दुकानांत 'विंटेज' या नावाखाली भुंगे, चतुर, सरडे, मांजरं, घुबडं अशा घाटांचे ब्रोच शेकड्यांनी मांडलेले असतात आणि चांगल्या किमतीला जातातही. त्याच वेळी पुसेगावसारख्या, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गावांतून जुन्या चांदीच्या मासोळ्या, विंचवे, सिंहमुखी कडी सराफाकडे जातात, काट्यावर चढतात आणि मुशीत उतरतात. बऱ्याचदा हे दोन्ही व्यवहार एकाच घरात होतात. सासूच्या मासोळ्या मोडीत जातात आणि सून जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा मासा 'अँटिक' म्हणून मागवते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की ज्यांना प्राण्यांच्या घाटाचा, थोडा गमतीचा दागिना अंगावर हवा आहे, त्यांनी आधी घरातला डबा उघडावा. तिथे जे सापडेल ते काट्यावर तोलण्याआधी हातात घेऊन नीट बघावं. अशा दागिन्याचं मोल घाटात आणि घडणीत असतं, आणि ते एकदा वितळलं की परत विकत घेता येत नाही.

डब्यात काय सापडू शकतं? मराठी बाईच्या अंगावर प्राणी डोक्यापासून पायापर्यंत होते. अंबाड्यावर नाग, कानाच्या वर बुगडीत किंवा साखळीच्या आकड्यात मोर, नाकात मोरणी नथ, गळ्यात कोल्हापुरी साज असेल तर त्याच्या पानांत मासा, कासव, नाग, भुंगा. दंडावर नागमोडी वाकी, मनगटात सिंहाच्या किंवा मगरीच्या तोंडाची कडी, पायाच्या बोटांत मासोळ्या आणि विंचवे. मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत सोनं बेताचंच असायचं, त्यामुळे आपल्याकडे यातलं जे टिकलं ते बहुतांशी पायातलं आणि चांदीचं. आता कुणी म्हणेल की हे सगळं धार्मिक किंवा सौभाग्याचं होतं, त्यात गंमत कुठली? नागाचं, कासवाचं किंवा माशाचं धार्मिक महत्त्व खरंच आहे. पण घडवणाऱ्याच्या हातात गंमत होतीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्री पाहिल्या की याबद्दल शंका उरत नाही. सुपारी कातरायला पक्ष्याची चोच लागत नाही आणि टाच घासायला हत्तीची गरज नसते. तरी कारागिराने ते घडवलं आणि घरच्यांनी हौसेने वापरलं. पायाच्या बोटावर विंचू बसवणारा सोनार ज्या प्राण्याला सगळं गाव भितं त्यालाच पायाशी आणून बसवत होता, आणि घालणारीलाही ते कळत होतं. तेव्हा गमतीदार दागिना ही बाहेरून आलेली हौस आहे, हे काही खरं नाही. बाहेरून आली आहे ती फक्त मागची टाचणी.

युरोपातली हकिगतही याच दिशेने जाते. व्हिक्टोरिया राणीला 1839 साली अल्बर्टने साखरपुड्याला दिलेली अंगठी सापाच्या आकाराची होती, डोक्यावर पाचू बसवलेली. त्यानंतर तिकडे साप, भुंगे, माश्या, कोळी यांचे ब्रोच कितीतरी वर्षं चालले. पॅरिसच्या कार्तिए पेढीने 1948 मध्ये विंडसरच्या डचेससाठी पाचूवर बसलेला बिबट्या घडवला, पुढच्याच वर्षी 152 कॅरटच्या काश्मिरी नीलमण्यावर दुसरा. त्याच डचेसचं 1952 मधलं बिबट्याचं ब्रेसलेट 2010 च्या लंडनच्या लिलावात 45 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. त्यातले हिरे आणि ऑनिक्स सुटे करून विकले असते तर त्याच्या जवळपासही रक्कम आली नसती. मॅडलिन ऑलब्राइट या अमेरिकेच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री. इराकी वृत्तपत्रांनी त्यांना नागीण म्हटल्यावर त्या इराकी अधिकाऱ्यांच्या पुढच्या भेटीला सापाचा ब्रोच लावून गेल्या, आणि पुढे आपल्या ब्रोचवर त्यांनी 2009 मध्ये पुस्तकच लिहिलं. त्यांच्या संग्रहातले कितीतरी ब्रोच साध्या, नकली खड्यांचे होते. या दोन टोकांच्या उदाहरणांतून आपल्या कामाची गोष्ट निघते ती अशी की प्राण्याच्या दागिन्याला लोक घाटासाठी, हातासाठी आणि तो कुणी कसा वापरला यासाठी मोल देतात. धातूचं वजन त्या मोलाचा लहानसा भाग असतो. आपल्याकडे मात्र सगळा हिशेब वजनावर थांबतो.

तो वजनाचा हिशेबही आपण नीट करत नाही. समजा मासोळ्यांची जोडी 20 ग्रॅमची आहे. सराफ टंच, म्हणजे शुद्धता, काढतो, चांदी 80 टक्क्यांच्या आसपास निघते, म्हणजे पैसे 16 ग्रॅमचे. त्यातून घट धरली जाते. त्या पैशांत नवीन काही घ्यायचं तर शुद्ध धातूचा भाव, वर घडणावळ, वर 3 टक्के जीएसटी. म्हणजे जुन्याची घडणावळ शून्य धरली जाते आणि नव्याची पूर्ण भरावी लागते. टंच कमी निघाला की घरच्यांना वाटतं, आजीला फसवलं होतं. इथे मराठवाड्याचा इतिहास ठाऊक असला तर मन शांत राहील. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि इथे हाली सिक्का रुपया चालायचा. त्यात चांदी हजारात 818 भाग होती. ब्रिटिश रुपयात ती 917 भागांच्या आसपास असायची. रुपये गाळून दागिने करणं ही तेव्हाची सर्रास रीत होती. तेव्हा 81-82 चा टंच लागला तर तो दागिना खोटा नसून, उलट इथलाच आणि त्या काळचा असण्याची शक्यता वाढते. सोन्याचंही असंच आहे. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी केली होती आणि ती 1966 पर्यंत होती. त्या काळातला हलक्या कसाचा मोर घरात निघाला तर दोष सोनाराचा असेलच असं नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप गरजेचा आहे. पाऊस दगा देतो, दवाखान्याचं बिल येतं, पोराची फी भरायची असते, अशा वेळी कला सांभाळा म्हणणं सोपं. हा आक्षेप खरा आहे. चांदी हा कोरडवाहू शेतकऱ्याचा विमा होता आणि आजही आहे. पण गरज पडली म्हणजे आधी काय मोडायचं याला क्रम लावता येतो. सपाट वेढणी, साधे वाळे, यंत्रावर कातलेली पैंजणं, नाणी, भांडी यांचं मोल बहुतेक वजनातच असतं. ती आधी जाऊ द्यावीत. हाताने घडवलेला प्राणी शेवटी. आणि तोही द्यायचाच झाला तर मोडीत देण्याऐवजी दागिना म्हणून घेणारा कुणी आहे का, हे आधी विचारावं. नातेवाइकांत विचारावं, जुन्या चांदीचे दागिने जसेच्या तसे विकणारे व्यापारी मोठ्या शहरांत असतात त्यांना विचारावं. गहाण ठेवून वेळ भागत असेल तर मोडण्यापेक्षा ते बरं, मात्र पावतीवर वर्णन आणि फोटो हवा. नुसतं 'चांदी 20 ग्रॅम' लिहिलेल्या पावतीवर तुमचीच मासोळी परत मिळेल याची खात्री नाही.

आता ओळखायचं कसं? मासोळी उजेडात धरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, आणि आधी मागून बघा. पुढची बाजू सगळ्यांना आवडावी म्हणून केलेली असते, मागच्या बाजूला काम कसं झालं ते दिसतं. बोटाभोवतीची पट्टी आतून गुळगुळीत, कडेला पातळ झालेली असेल तर ती बोटात राहिलेली आहे. वर्षानुवर्षं घासून आलेला पातळपणा एकसारखा नसतो. जमिनीला लागणारी बाजू अधिक झिजते, वरची कमी. माशाच्या पाठीचा कणा आणि डोळ्याचा फुगवटा हे उंच भाग मऊ झालेले दिसतील, पण खवल्यांच्या खोबणीत छिन्नीची रेघ अजून तीक्ष्ण असेल. प्रत्येक खवला शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा आहे का बघा. हाताने उठवलेले खवले थोडे डावे-उजवे होतातच. जोडीतल्या दोन मासोळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळत असतील, खोलगट जागी सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतील आणि कडेने एक बारीक उभी रेघ फिरलेली असेल, तर ते साच्यातलं ओतकाम आहे. ओतकाम वाईटच असतं असं नाही, पण त्याला जुनं म्हणून पैसे देऊ नयेत. पट्टी जिथे माशाच्या पोटाला जोडली आहे तिथला डाख बघा. चांदीचा डाख आसपासच्या रंगाशी जुळतो. राखाडी, मऊ, नखाने ओरखडा पडेल असा गोळा दिसला तर कुणीतरी नंतर कथलाने झाळलं आहे. हा दोष मोठा नाही, पण त्या जागी पुन्हा जाळ लावला तर कथील चांदीत शिरून तिला ठिसूळ करतं. म्हणून दुरुस्तीला देताना ती जागा सोनाराला आधीच दाखवावी.

धातूबद्दल शंका असेल तर ओरखडे न पाडता घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. दागिन्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याने बांधलेला दागिना पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला लागणार नाही असा धरा. काटा जे दाखवेल त्या आकड्याने पहिल्या वजनाला भागा. 12.2 ग्रॅमच्या मासोळीसाठी काटा 1.2 दाखवत असेल तर उत्तर 10.17 येतं, म्हणजे हाली रुपयाच्या कसाची चांदी. शुद्ध चांदी 10.5 च्या आसपास, पितळ साडेआठच्या जवळ, आणि जर्मन सिल्व्हर पावणेनऊच्या आसपास. या शेवटच्या धातूत नावाखेरीज चांदी काहीच नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिलाफ असतो, आणि निकेलने काहींच्या कातडीला खाज सुटते. दागिन्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून मगच आकडा घ्यावा. पोकळ, लाख भरलेल्या किंवा मोती-खडे असलेल्या दागिन्यावर ही परीक्षा चालत नाही. मोराची नथ चुकूनही पाण्यात धरू नये, तिची तार आणि मोती दोन्ही बिघडतात. चुंबकाची परीक्षा सगळे सांगतात, पण तिने मुख्यतः लोखंडच पकडलं जातं. पितळ आणि जस्त चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे नकली दागिना त्या परीक्षेतून सहज सुटतो.

बाहेरून ब्रोच विकत घ्यायचाच असेल तर हीच नजर वापरावी आणि टाचणीवर थोडा जास्त वेळ द्यावा. युरोपातल्या जुन्या ब्रोचना मागे साधा उघडा आकडा असतो आणि टाचणी बरेचदा ब्रोचच्या कडेबाहेर येते. फिरवून बंद होणारी सुरक्षित कडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. म्हणजे 'व्हिक्टोरियन' म्हणून दाखवलेल्या भुंग्याला अशी कडी असेल तर एकतर कडी नंतर बदलली आहे किंवा भुंगाच तरुण आहे. पोटात पारदर्शक प्लॅस्टिक बसवलेले मासे, कोंबडे, पेंग्विन अमेरिकेत 1940 च्या दशकात खूप चालले. त्यांतलं ल्युसाइट हे प्लॅस्टिकच मुळात 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलं, त्यामुळे त्याहून जुनेपणाचा दावा टिकत नाही. 'अँटिक पॉलिश' हे शब्द आपल्या बाजारात काळपट केलेल्या नव्या मालाला सर्रास लावले जातात. त्यात लबाडी असतेच असं नाही, दुकानदार पॉलिशबद्दल बोलत असतो आणि गिऱ्हाईक वयाबद्दल समजून घेतं. स्पष्ट विचारावं: हे कधी घडवलं, धातू कोणता, आणि तसं बिलावर लिहून द्याल का? जो लिहून देत नाही त्याला जुन्याची किंमत देऊ नये. नवीन सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी हवा. हा नियम 1 एप्रिल 2023 पासून कडक झाला आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तो क्रमांक तपासता येतो. घरच्या जुन्या दागिन्यावर मात्र असं काही नसणारच, आणि नसणं हा दोष नव्हे.

प्राण्यांच्या दागिन्यांत एका गोष्टीबद्दल फार सावध राहायला हवं. लहान मुलाच्या गळ्यात किंवा पुरुषाच्या साखळीत चांदीत मढवलेलं वाघनख घालायची रीत होती. ते नख सोन्याचं किंवा चांदीचं घडवलेलं असेल तर हरकत नाही. ते खऱ्या वाघाचं किंवा बिबट्याचं असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, मालकीचं प्रमाणपत्र नसताना ते बाळगणंही गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांच्या तुरुंगवासाची आहे. जुन्या वस्तूंची नोंद करायला 2003 मध्ये मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. असं नख घरात निघालं तर ते विकू नये, भेट देऊ नये, त्याचा ब्रोच करू नये. वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाच्या कार्यालयात जावं. हस्तिदंताच्या मोरा-हत्तींबाबतही हीच काळजी घ्यावी. दुसरा कायदा 1972 चाच, पुरावस्तूंबद्दलचा. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या भाचीला पणजीची मासोळी कुरिअरने पाठवण्याआधी हे ध्यानात घ्यावं. घरात ठेवायला, घालायला, लेकीला द्यायला कुणाची आडकाठी नाही.

आता घरातूनच येणारा आक्षेप. पायातला दागिना खांद्यावर, छातीवर कसा लावायचा? ज्या घरात सोनं कमरेखाली घालत नाहीत तिथे मासोळीचा ब्रोच मोठ्या माणसांना खटकणार, आणि त्यांच्या खटकण्याला आपण मान द्यायला हवा. त्यांना विचारून, पटवून करावं. नाहीच पटलं तर मासोळी पर्सवर लावावी, किंवा काचेच्या चौकटीत कापडावर बसवून भिंतीवर ठेवावी, आणि ब्रोचसाठी डोक्यातला नाग, कानातला मोर किंवा साजाचं सुटलेलं पान घ्यावं. पण या आक्षेपाची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. नवरा गेला की बाईच्या पायातून जोडवी, मासोळ्या काढल्या जातात, आणि आपल्या गावांतल्या किती मासोळ्या मुशीत गेल्या त्यामागे हे एक मोठं कारण आहे. ती घालणार नाही, मग ठेवायच्या कशाला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. दागिना बाईचा आहे, तिच्या नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेला नाही, हे एकदा मान्य केलं की मासोळीची जागा तिने ठरवावी. पायात नको वाटत असेल तर पदराला. आजीच्या मासोळ्या आजीच्याच खांद्यावर दिसायला काय हरकत आहे? साप आणि विंचू अशुभ, हा आक्षेप त्या मानाने हलका आहे. औंढ्याचा नागनाथ ज्या जिल्ह्यात आहे, आणि जिथे नागपंचमीला वारुळाला पूजा जाते, तिथे चांदीच्या नागाला अशुभ म्हणणं आपल्याच रीतीशी जुळत नाही.

ब्रोच करायचा म्हणजे दागिन्याला भोक पाडायचं किंवा मागे टाचणी डाखून टाकायची, असं बरेच जण समजतात. तसं करूच नये. जाळ लागला की जुना रंग जातो, आतली लाख उकळून बाहेर येते, मीनाकाम तडकतं आणि परत मूळ रूपात येणं कायमचं बंद होतं. त्याऐवजी सोनाराकडून चांदीची छोटी पातळ बैठक करून घ्यावी, तिला मागे टाचणी आणि फिरती कडी, आणि कडेला चार बारीक कड्या. मासोळीची पट्टी या बैठकीवर टेकवून रेशमी दोऱ्याने कड्यांतून बांधायची. दागिने दोऱ्यात गुंफणारा पटवेकरी हे काम सोनारापेक्षा नीट करतो, आणि दोरा कापला की मासोळी जशी होती तशी सुटी. नाग किंवा वाकीसारखा लांब दागिना असेल तर दोन टाचण्या लागतात, एकीवर तो फिरत राहतो आणि कापड फाडतो. जड दागिना एका ठिकाणी लावल्याने पैठणीचं रेशीम धागा-धागा सरकतं, म्हणून 10-12 ग्रॅमच्या पुढचा ब्रोच असेल तर पदराच्या आतून सुती कापडाचा दोन बोटांचा तुकडा धरावा आणि टाचणी पदर, तुकडा आणि ब्लाऊज या तिन्हींतून काढावी. जरीच्या काठातून टाचणी कधीही घालू नये, जरीची तार तुटली की सांधता येत नाही. पुरुषांनी जॅकेटच्या कॉलरला किंवा फेट्याच्या तुऱ्याखाली लावावा. एका वेळी एकच प्राणी ठेवावा. मोराच्या काठाची साडी असेल तर मासा उठून दिसतो आणि मोर हरवतो.

सफाईच्या बाबतीत उत्साह आवरायला हवा. पितांबरी, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, मीठ-सोड्याच्या पाण्यातली अॅल्युमिनियमची फॉइल यांनी चांदी लखलखते, पण खवल्यांच्या खोबणीतला काळेपणा निघून गेला की माशाचा आकारच सपाट वाटतो. तो काळेपणा बराचसा चांदी आणि हवेतल्या गंधकाच्या संयोगाने बनतो आणि नक्षीला उठाव देतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने उंच भाग पुसावेत, लगेच कोरडं करावं, एवढं पुरे. लाखेच्या दागिन्याला नुसतं कोरडं फडकं. ठेवताना प्रत्येक वस्तू वेगळ्या धुतलेल्या मलमलीत. रबरबँड लावून किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा पडतो आणि तो सहजी जात नाही. जोडीतली एक हरवली म्हणून दुसरी मोडू नये. ब्रोचला एकच लागते. दोन लेकी असतील तर जोडी फोडून एकेक द्यायलाही काही अडचण नाही, फक्त दोघींच्या जवळ दुसरी कुणाकडे आहे हे लिहिलेलं असावं.

दागिन्याबद्दल असं लिहून ठेवणं राहून जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. नाव-गाव नसलेला दागिना पुढच्या पिढीला फक्त चांदी दिसतो. मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा घरातलं जुनं किडूकमिडूक तसंही बाहेर निघतं आणि ते ओळखणाऱ्या बायाही माहेरी-सासरी एकत्र आलेल्या असतात. मुखवटे सजवण्याआधी अर्धा तास काढावा. पांढऱ्या कापडावर प्रत्येक दागिना पुढून, मागून आणि कडेने असे तीन फोटो घ्यावेत, शेजारी पट्टी ठेवावी, वजन करावं. वहीत लिहावं: नाव काय म्हणायचे, कुणाचा, कोणत्या गावाहून आला, कोणत्या बोटात किंवा कुठे घालायचे, कधी दुरुस्त केला, कुणी घडवला हे ठाऊक असेल तर त्याचं गाव. थोरल्या काकू सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवावं, आणि दोघींनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहावं. वहीची एक प्रत लेकीकडे, एक सुनेकडे.